चामड्याची जुनी खुर्ची कशी विकावी?
दोष सांगून केलेल्या सौद्याचा एक धडा

शहाड स्टेशनवर उतरून उल्हासनगरच्या बाजूला वळले की फर्निचरचा मोठा बाजार लागतो. दुकानांपुढे नवे सोफे आणि खुर्च्या मांडलेल्या असतात. वरून चामड्यासारख्या दिसणाऱ्या, चकचकीत, आणि भावही सामान्य माणसाच्या आवाक्यातला. याच परिसरातील एखाद्या जुन्या घरात मात्र वीस-पंचवीस वर्षे वापरलेली, भक्कम सांगाड्याची, खऱ्या चामड्याची हातांची खुर्ची कोपऱ्यात पडून असते. हात टेकण्याची जागा काळपट झालेली, बैठक जरा दबलेली, एखाद्या शिवणीचा दोरा सुटलेला. घर बदलायची वेळ येते, नव्या जागेत ती मावत नाही, आणि घाईघाईत ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते.

काही जण याच्या उलट वागतात. खुर्चीला बुटाचे पॉलिश फासतात, फाटलेल्या जागेवर उशी ठेवतात आणि ‘अगदी नव्यासारखी’ म्हणून विकायला काढतात. पहिल्या प्रकारात मालकाचे नुकसान होते, दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक फसते. या दोहोंच्या मधला एक सरळ मार्ग आहे. वस्तू नीट ओळखावी, तिचे गुण आणि दोष दोन्ही सांगावेत, आणि त्यावरून दाम ठरवावा. जुन्या मालाचा धंदा करू इच्छिणाऱ्या तरुणांनीही हा मार्ग शिकून घेण्यासारखा आहे. त्याचा विचार आपण क्रमाने करू.

पहिली गोष्ट : खुर्ची कोणाची?

विक्रीची सुरुवात मालकीपासून होते. स्वतः विकत घेतलेली खुर्ची असेल तर प्रश्न नाही. परंतु अशा खुर्च्या बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या असतात. वडील वारले, खुर्ची थोरल्या मुलाच्या घरात राहिली, म्हणून ती त्याची होत नाही. अंत्यविधीचा खर्च, कर्ज आणि असल्यास वसीयत यांची फेड झाल्यावर जे उरते ते सर्व वारसांचे असते. त्यात आई आहे, भाऊ आहेत आणि बहिणीही आहेत. घर आणि जमिनीच्या वाटणीत बहिणीचा हिस्सा मोजणारे लोकही घरातल्या सामानाच्या वेळी तिला विचारायचे विसरतात. देशाचा कायदाही असाच आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचे मूळ तत्त्व हे की, विकणाऱ्याजवळ जो हक्क नाही तो खरेदीदाराला मिळत नाही.

म्हणून आधी सर्व वारसांना विचारावे. कोणाला ती ठेवायची असेल तर भाव ठरवून त्याच्या हिश्श्यात धरावी. विकायची ठरली तर आलेली रक्कम हिश्श्याप्रमाणे वाटावी. पाच-दहा हजारांच्या खुर्चीवरून भावंडांत आलेला दुरावा पाच-दहा हजारांत भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट : चामडे की रेक्झिन?

आपल्याकडे चामड्यासारखे दिसणारे सर्व काही ‘लेदर’ या एका नावाने विकले जाते. प्रत्यक्षात त्यात चार निरनिराळे प्रकार असतात. कातड्याचा वरचा, केसांच्या बाजूचा थर सर्वांत मजबूत. त्याखालच्या थराचे चामडे कमी टिकाऊ. चामड्याचा चुरा गोंदासारख्या द्रव्याने कापडावर बसवून केलेला माल तिसरा. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा लेप, त्यात चामडे मुळीच नसते.

ओळखायची सोपी जागा खुर्चीच्या खाली आहे. खुर्ची आडवी करावी आणि तळाला ठोकलेले काळे कापड एका कोपऱ्यात जरा उचलावे. आत दुमडलेल्या कडेची उलटी बाजू पाहावी. खरे चामडे असेल तर ती तंतुमय, मखमलीसारखी लागते. विणलेले कापड दिसले तर तो रेक्झिन किंवा चुऱ्याचा माल समजावा. वरच्या बाजूला केसांची बारीक छिद्रे असतात. खऱ्या चामड्यात ती सारखी नसतात, कोठे दाट तर कोठे विरळ दिसतात. एकाच ठशाची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर संशय घ्यावा. पाण्याचा थेंब शोषला गेला तर चामडे खरे, अशी एक परीक्षा सांगतात, पण ती अपुरी आहे. ज्या चामड्यावर रंगाचा थर दिलेला असतो ते खरे असूनही पाणी शोषत नाही. काडी लावून वास घेण्याचा प्रयोग तर करूच नये. त्यात वस्तूच बिघडते.

जुन्या खुर्च्यांत आणखी एक प्रकार नेहमी आढळतो. बैठक, पाठ आणि हात खऱ्या चामड्याचे, पण मागची बाजू आणि कडा रेक्झिनच्या. ही लबाडी नसून कारागिरांची जुनी रीत आहे. मात्र विकताना ते सांगितले पाहिजे.

चुऱ्याचे चामडे आणि लेपाचे रेक्झिन आपल्या दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सोडू लागते. ते पुन्हा जोडता येत नाहीत. वरच्या थराचे चामडे चिरते, मऊ पडते, त्याचा रंग बदलतो, पण त्याची साले निघत नाहीत आणि त्याची दुरुस्ती होऊ शकते. जुन्या चामडी खुर्चीला भाव येतो तो यामुळेच. वापराने चामड्यावर आलेली गडद झाक हा जाणकारांच्या लेखी दोष नसतो, उलट काहींना तीच हवी असते.

मुस्लिम गिऱ्हाईक कधी कधी विचारतो की चामडे डुकराचे तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. फर्निचरला बहुतेक गाई-म्हशींचे कातडे लागते. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या झुपक्यांनी दिसतात, ही त्याची खूण आहे. आपल्याला नक्की ठाऊक नसेल तर गिऱ्हाइकाला स्वतः पाहू द्यावे, शपथा घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट : सांगाडा आणि पोट

चामडे हा खुर्चीचा अंगरखा झाला. आयुष्य असते ते सांगाड्यात. दोन्ही हात धरून खुर्ची हलवून पाहावी. कुरकुर आली तर सांधे सैल झालेत असे समजावे. एक पाय उचलून पाहावा. सांगाडा पक्का असेल तर शेजारचा पायही लगेच उचलला जातो. सैल असेल तर खुर्ची आधी पिळते. लाकूड सागवानी किंवा शिसवी असेल तर ती जमेची बाजू. प्लायवुड किंवा हलके लाकूड असेल तर तेही सांगावे. वाळवीची माती आणि भुंग्याचा पिवळसर भुगा तळाशी दिसतो.

बैठक दबली असेल तर कारण शोधावे. स्प्रिंग तुटली, खालची पट्टी सैल झाली, की फक्त फोम बसला? फोम बदलणे स्वस्त पडते, चामडे बदलणे फार महाग. चामडे चौरस फुटावर विकले जाते, आणि संपूर्ण खुर्ची मढवायला एकापेक्षा जास्त कातडी लागतात. म्हणून ‘फोम बसला आहे, चामडे शाबूत आहे’ हे वाक्य खरेदीदाराला हिशेब करायला उपयोगी पडते.

शेवटची तपासणी ढेकणांची. शिवणी, बटणांच्या खोबणी आणि तळाचे कापड विजेरी लावून पाहावे. काळे ठिपके किंवा पोकळ टरफले दिसली तर आधी औषधोपचार करावा आणि मगच विक्रीचे बोलावे. दुसऱ्याच्या घरात ढेकूण पोचवणे हा दाम कमी करून भरून निघणारा दोष नव्हे.

चौथी गोष्ट : सफाई करावी, सोंग करू नये

धूळ मऊ ब्रशने काढावी. कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यावे, सौम्य साबणाचा किंचित फेस लावून पुसावे, मग कोरड्या कापडाने टिपावे. सावलीत, पंख्याखाली वाळू द्यावे. उन्हात ठेवल्यास चामडे आखडते आणि चिरते. वाळल्यावर चामड्याचे क्रीम अगदी थोडे लावावे, तेही आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. खोबरेल तेल लावू नये. त्याने डाग पडतात आणि पुढे खवट वास येतो. थिनर आणि स्पिरिट रंग उडवतात. बुटाचे पॉलिश तर कपड्यांना लागते. पांढरा कुर्ता घालून बसलेला गिऱ्हाईक उठला आणि पाठीवर काळा डाग दिसला, की सौदा तेथेच संपतो.

पावसाळ्यात बुरशी येते. ती घराबाहेर झटकावी आणि कोरड्या हवेत खुर्ची ठेवावी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यास आत दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा जुनी चादर बरी. शक्य असेल तर विक्री पावसाळा सरल्यावर काढावी.

पाचवी गोष्ट : दोष सांगावा की गप्प बसावे?

या धड्याचा गाभा येथे आहे. अनेकांचे म्हणणे असते की आपण खोटे बोलत नाही, गिऱ्हाइकाने विचारले नाही म्हणून सांगितले नाही. कायदा यावर काय म्हणतो?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, एखादी गोष्ट मुद्दाम दडवणे म्हणजे फसवणूक. पण नुसते मौन, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, फसवणूक ठरत नाही. कायद्यातच घोड्याचे उदाहरण दिले आहे. सदोष घोडा लिलावात विकणारा गप्प राहिला तर ती फसवणूक नाही. परंतु खरेदीदार म्हणाला की ‘तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन’, आणि विक्रेता तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. हे खुर्चीला लावून पाहा. फाटलेली शिवण उघडी दिसत असताना आपण गप्प राहिलो, हे एक. त्या शिवणीवर उशी शिवून टाकली, हे दुसरे. दुसऱ्या प्रकाराला दडवणे म्हणतात.

माल विक्री कायद्याचे कलम १५ आणखी एक सांगते. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. हा नियम दुकानदाराप्रमाणे घरगुती विक्रेत्यालाही लागू आहे. ‘अस्सल चामडे’ म्हणून रेक्झिन दिले तर ‘मी काही व्यापारी नाही’ हा बचाव चालत नाही.

देशाचा कायदा मौनाला थोडी सवलत देतो, पण इस्लामी व्यापारनीती ती देत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेता पावसाचे कारण सांगू लागला, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्यांनी विचारला आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. ही हदीस प्रसिद्ध आहे. त्या विक्रेत्याने तोंडाने खोटे सांगितल्याचे तिच्यात नाही. त्याची चूक एवढीच की ओला थर खाली राहिला. फिकहमध्ये म्हणूनच दडलेला दोष नंतर आढळल्यास खरेदीदाराला माल परत करण्याचा अधिकार दिला आहे. त्याला खियारे-ऐब म्हणतात.

आता निव्वळ व्यवहाराच्या नजरेने पाहू. समजा बैठकीत एक चीर आहे आणि ती सांधायला कारागीर रु. १,५०० मागतो. आपण आधीच सांगितले तर गिऱ्हाईक फार तर तेवढे कमी करून मागेल. तीच चीर त्याला स्वतः सापडली तर तो मनात म्हणेल, ‘ही लपवली, आणखी काय लपवले असेल?’ मग तो दीड हजार कमी करत नाही, तो निघून जातो. दडवलेला दोष उरलेल्या सर्व गुणांवर शंका आणतो, आणि सांगितलेला दोष त्याच गुणांची साक्ष देतो.

सहावी गोष्ट : दाम कसा ठरवावा

आपण किती रुपयांना घेतली होती आणि वडील तिच्यावर किती प्रेमाने बसत होते, याचा बाजारभावाशी संबंध नाही. तीन आकडे काढावेत. तशाच दर्जाची नवी खुर्ची आज कितीला मिळते, आपली खुर्ची वापरण्याजोगी करायला खर्च किती येईल, आणि तशा जुन्या खुर्च्या प्रत्यक्ष कितीला विकल्या जातात. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. त्यासाठी दोन-तीन जुन्या फर्निचरवाल्यांकडे चौकशी करावी. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक असतो हे विसरू नये.

दुकानदार कमी भाव सांगतो तेव्हा तो लुबाडतोच असे नाही. उदाहरणापुरते आकडे घेऊ. खुर्ची दुकानात रु. १५,००० ला जाईल असा त्याचा अंदाज आहे. टेम्पो आणि हमाली रु. १,५००, दुरुस्ती व पॉलिश रु. २,५००, विकेपर्यंत अडलेल्या जागेचे भाडे रु. २,०००, त्याचा नफा रु. ३,०००. एकूण झाले रु. ९,०००. तो आपल्याला रु. ६,००० देऊ शकतो. आपण थेट घरगुती गिऱ्हाइकाला विकली तर कदाचित रु. ११,००० किंवा १२,००० येतील, पण त्यासाठी काही आठवडे थांबावे लागेल, दहा जणांना खुर्ची दाखवावी लागेल. ज्याला महिनाअखेर घर रिकामे करायचे आहे त्याच्यासाठी सहा हजारांचा सौदाही योग्य ठरू शकतो. म्हणून घर सोडण्याच्या दोन-तीन महिने आधी विक्रीला लागावे.

आणि भंगारात देण्यापूर्वी खुर्ची कोणी बनवली ते जरूर पाहावे. तळाशी शिक्का, पत्र्याची पट्टी किंवा कागदी चिठ्ठी असते. चंदीगडचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. पियेर जानरे यांच्या देखरेखीखाली तेथील सरकारी कार्यालयांसाठी केलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या पुढे जुन्या म्हणून कवडीमोलाने काढल्या गेल्या. परदेशातील लिलावांत त्यांनाच लाखो रुपये मिळू लागले, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांची विक्री रोखण्याचे आदेश काढावे लागले. आपल्या घरातली प्रत्येक खुर्ची तशी नसते, पण पाहायला पैसे पडत नाहीत.

सातवी गोष्ट : कोठे विकावी

पहिले गिऱ्हाईक ओळखीत शोधावे. डॉक्टर, वकील, नवे कार्यालय थाटणारा तरुण, किंवा गुडघेदुखीमुळे उंच आणि भक्कम हातांची खुर्ची हवी असलेले ज्येष्ठ. दुसरा मार्ग जवळच्या जुन्या फर्निचरवाल्याचा. तिसरा मुंबईचा. जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात आणि भेंडी बाजारालगतच्या चोर बाजारात जुन्या फर्निचरचे जाणते व्यापारी बसतात. तेथे खुर्ची घेऊन जाऊ नये. आधी छायाचित्रे घेऊन जावे. एकदा टेम्पोने माल नेला की परत आणण्याच्या खर्चापायी पडेल त्या भावाला द्यावा लागतो. चोर बाजारातील मटण स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

चौथा मार्ग मोबाईलवरील जाहिरातीचा. जाहिरातीत दिवसाच्या उजेडातील सहा-सात छायाचित्रे द्यावीत, त्यांत दोन दोषांची असावीत. लांबी, रुंदी, उंची इंचात लिहावी आणि पाय काढता येतात की नाही हे सांगावे. अनेक सौदे पैशावर न अडता दारावर अडतात. खुर्ची बत्तीस इंच आणि गिऱ्हाइकाचे दार तीस इंच असले तर कोणाचाच इलाज चालत नाही.

आठवी गोष्ट : पैसे आणि पावती

पैसे मिळाल्याखेरीज खुर्ची हलवू नये. मोबाईलवर व्यवहार करताना एक नियम पाठ करावा. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. खुर्ची न पाहता लगेच होकार देणारा, स्वतःला लष्करी जवान म्हणवणारा आणि ‘हा कोड स्कॅन करा, पैसे येतील’ सांगणारा गिऱ्हाईक बहुधा ठग असतो. अशा रीतीने अनेक विक्रेत्यांचेच खाते रिकामे झाले आहे.

इसार घेतला तर पावती द्यावी. ठरावीक, तयार वस्तूचा सौदा पक्का झाला की, वेगळे ठरले नसेल तर, मालकी आणि त्याबरोबर जोखीमही खरेदीदाराकडे जाते, पैसे व माल नंतर दिले तरी. सौदा रविवारी झाला आणि खुर्ची गुरुवारी न्यायची आहे, मध्येच छत गळले, तर भांडण नक्की. म्हणून ‘ताबा देईपर्यंत जोखीम विक्रेत्याची’ किंवा उलट, जे ठरेल ते लिहावे. टेम्पो आणि हमाली कोणाची, हेही लिहावे. कायद्याप्रमाणे माल सौद्याच्या वेळी जेथे असेल तेथेच ताब्यात दिला जातो, पण चौथ्या मजल्यावरून खाली उतरवताना कायदा कोणी आठवत नाही.

पावतीत तारीख, वस्तूचे वर्णन, ठळक दोष, रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात. उदाहरणार्थ : ‘हातांची खुर्ची एक, सागवानी सांगाडा, बैठक-पाठ-हात चामड्याचे, मागची बाजू रेक्झिन, बैठकीत दोन इंच चीर, फोम बसलेला, दाखवून व सांगून विकली.’ या शेवटच्या चार शब्दांत विक्रेत्याचे सर्व संरक्षण आहे. नुसते ‘आहे तशी विकली’ लिहून दडवलेला दोष माफ होत नाही.

कराबाबत थोडक्यात. घरगुती वापराचे फर्निचर विकले तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण असे सामान भांडवली मालमत्तेतून वगळलेले आहे. जुन्या मालाचा नियमित धंदा करणाऱ्याला मात्र हिशेब ठेवावा लागतो. जीएसटीमध्ये नोंदणी झालेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, खरेदीवरील कराची वजावट न घेतल्यास, पूर्ण विक्रीवर कर न भरता फक्त खरेदी-विक्रीतील फरकावर भरण्याची सोय आहे.

शहाड किंवा कल्याणसारख्या वस्तीत विकणारा आणि घेणारा एकमेकांना पुन्हा भेटतातच. स्टेशनच्या जिन्यावर, लग्नात, दवाखान्यात, मशिदीच्या दारात. खुर्चीचे पैसे दोन महिन्यांत खर्च होतात. पण ‘त्यांनी चीर दाखवून खुर्ची विकली’ हे बोलणे बाजारात फिरत राहते आणि पुढच्या सौद्यात उपयोगी पडते. जुन्या मालाच्या व्यापाराला भांडवल थोडे लागते असे म्हणतात ते खरे आहे, मात्र त्या थोड्या भांडवलात पहिला वाटा विश्वासाचा असला पाहिजे. कमाई हलाल राहते आणि तिच्यात बरकत येते ती याच वाटेने.